विकलेली नवरी आणि इटालियन भुरगो

१८९२ साली पुनरुत्थानाचा रविवार १७ एप्रिल रोजी आला होता. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस संपले होते. त्याच दिवशी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात गोवेकर कॅथलिकांनी कोकणी भाषेतील एक संगीत नाटक रंगभूमीवर आणले. नाटकाचे नाव ‘इटालियन भुरगो’, म्हणजे इटालियन पोरगा. तियात्र या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या नाट्यप्रकाराचा जन्म त्या दिवशी झाला असे मानले जाते आणि १७ एप्रिल हा तियात्राचा दिवस म्हणून पाळला जातो.

त्यानंतर दोन महिनेही लोटले नव्हते तोच युरोपात दुसरी एक घटना घडली. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे त्या वर्षी संगीत व नाट्यकलेचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. तेथे प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाची मंडळी आली आणि त्यांनी जून महिन्यात आपला एक ऑपेरा चेक भाषेत सादर केला. त्याचे नाव ‘प्रोदाना नेवेस्ता’, म्हणजे विकलेली नवरी. चेक भाषेचा गंधही नसलेले व्हिएन्नाचे रसिक त्यावर लुब्ध झाले आणि एका लहानशा प्रांताबाहेर फारसे ठाऊक नसलेले ते खेड्यातले कथानक जगाच्या रंगभूमीवर गेले.

या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. मुंबईच्या मंडळींना प्रागची वार्ता नव्हती, प्रागच्या मंडळींना गिरगाव-धोबीतलावची असण्याचे कारण नव्हते. तरीही आम्हाला त्या एकत्र मांडाव्याशा वाटतात, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच होता. ज्या लोकांची भाषा स्वयंपाकघरात आणि शेतातच शोभते असे मोठ्या लोकांनी ठरवून टाकले होते, त्या लोकांनी आपले गाव, आपली भाषा आणि आपली गाणी घेऊन शहराच्या मोठ्या रंगमंचावर उभे राहावे की नाही, हा तो प्रश्न होय. नवी मुंबईच्या धर्मग्रामांत राहणाऱ्या आम्हा मंडळींना तो आजही सुटलेला नाही.

प्रथम प्रागची हकिकत सांगू. या ऑपेराचा रचनाकार बेद्रिख स्मेताना हा २ मार्च १८२४ रोजी लितोमिश्ल या गावी जन्मला. बोहेमिया त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. शाळा, कचेरी, सभ्य समाज या सर्वांची भाषा जर्मन होती आणि चेक ही शेतकऱ्यांची व नोकरमाणसांची समजली जाई. स्मेतानाचे स्वतःचे शिक्षणही जर्मनमध्येच झाले. आपल्या लोकांची भाषा शुद्ध लिहिण्याचा अभ्यास त्याने वयाच्या पस्तिशीच्या पुढे केला आणि आरंभी आपल्या चुकांबद्दल तो पत्रांतून क्षमा मागत असे. ज्याला आज चेक संगीताचा जनक म्हणतात त्याला चेक भाषा अशी उतारवयाच्या उंबरठ्याशी शिकावी लागली, ही गोष्ट आपल्या मुलाबाळांच्या मराठी-कोकणीविषयी निराश झालेल्या आईबापांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

‘विकलेली नवरी’चा पहिला प्रयोग प्राग येथे ३० मे १८६६ रोजी झाला आणि तो पडला. उकाडा कडक होता, प्रशियाशी युद्ध जुंपण्याची चिन्हे होती, लोक नाटक पाहण्याच्या मनःस्थितीत नव्हते. स्मेतानाने मात्र ते टाकून दिले नाही. दोन अंकांचे तीन केले, मधल्या साध्या संवादांना संगीतात बसवले, पोल्का व फुरियांत ही नृत्ये घातली. असे चार वर्षे फेरफार होत होत २५ सप्टेंबर १८७० रोजी आजचे रूप सिद्ध झाले. ५ मे १८८२ रोजी शंभरावा प्रयोग झाला, तेव्हा रचनाकार पूर्ण बहिरा होऊन सात वर्षांहून अधिक काळ लोटला होता. १२ मे १८८४ रोजी प्रागच्या मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. व्हिएन्नातील यश त्याने पाहिले नाही.

कथा अगदी गावातली. पडदा उघडतो तो गावच्या देवळाच्या सणावर. आपल्याकडे आश्रयदात्या संतांच्या सणाला जसे नातेवाईक जमतात, मिस्सा झाल्यावर बँड वाजतो, दुकाने लागतात, तसाच तो दिवस. साऱ्या गावात आनंद आहे आणि मारझेंका नावाची मुलगी तेवढी उदास आहे. तिचे येनिकवर प्रेम आहे. पण तिच्या बापाने गावच्या सधन मिखाशी पूर्वीच बोलणी केली आहेत आणि त्याच्या वाशेक या अडखळत बोलणाऱ्या मुलाला ती द्यायची आहे. मध्यस्थ आहे केत्सल, लग्ने जुळवून दलाली खाणारा, तोंडाचा पट्टा न थांबणारा गृहस्थ. तो येनिकला तीनशे गुल्डन देऊ करतो आणि प्रेयसीवरचा हक्क सोड म्हणतो. येनिक सही करतो, मात्र एक अट घालतो: तिने मिखाच्या मुलाशीच लग्न करावे, दुसऱ्या कोणाशी नव्हे. गाव संतापते, पैशासाठी नवरी विकली! मारझेंका तर कोसळूनच पडते. शेवटी उलगडते ते असे की येनिक हाच मिखाचा पहिल्या बायकोपासून झालेला, सावत्र आईने घराबाहेर घालवलेला थोरला मुलगा आहे. करार त्याच्याच पथ्यावर पडतो. दलालाचे पैसे जातात, आणि सणाला आलेल्या सर्कशीत वाशेक अस्वलाचे कातडे पांघरून नाचतो.

हसण्याचीच कथा आहे. परंतु हसताहसता प्रेक्षकाच्या घशाशी काहीतरी अडकते. मुलीच्या आयुष्याचा व्यवहार चार पुरुष करतात, कागदावर सह्या होतात आणि ती जिची सही नाही तीच विकली जाते. येनिकचे कारस्थान गोड होते हे शेवटी कळते. पण मधला सारा वेळ तिला ते ठाऊक नसते. आम्हाला हा भाग नेहमीच कठीण वाटला आहे. जाता जाता एक कडवट गंमत: हे शब्द लिहिणारा कारेल साबिना हा पोलिसांचा पगारी खबऱ्या असल्याचे १८७२ साली उघडकीस आले. सौद्यांविषयी त्याला आतली माहिती होती, एवढेच म्हणू.

त्या काळी प्रागमध्ये एक वाद झाला होता. खेड्यातली लोकगीते गोळा करून एकत्र गुंफली की राष्ट्रीय ऑपेरा तयार होईल, असे काही पुढाऱ्यांचे मत होते. स्मेतानाला ते पटले नाही. लोकगीतांची माळ हा ऑपेरा नव्हे. गावाची चाल, लय, बोलण्याची धाटणी अंगी मुरवून नवे रचले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. आणि पाहा, ज्या पोल्का नृत्यामुळे हा ऑपेरा ‘अस्सल गावचा’ वाटतो ते नृत्यच मुळी त्याच्या लहानपणी, १८३०च्या आसपास, प्रचारात आलेले होते. गाव म्हणजे जुने, न बदलणारे काही, ही शहरातल्या माणसाची समजूत आहे. गावाला नवे आवडते.

चेक लोकांनी आपले राष्ट्रीय नाट्यगृह वर्गण्या काढून उभारले. ११ जून १८८१ रोजी ते उघडले आणि दोन महिन्यांत, १२ ऑगस्टला, आगीत सापडले. अवघ्या काही आठवड्यांत लोकांनी पुन्हा पैसा उभा केला आणि १८ नोव्हेंबर १८८३ रोजी ते नव्याने उघडले. रंगमंचाच्या माथ्यावर दोन शब्द कोरलेले आहेत. त्यांचा अर्थ ‘राष्ट्राने स्वतःसाठी’ असा. ज्यांनी देवळाच्या छपरासाठी घरोघर पावती-पुस्तक घेऊन वर्गणी मागितली आहे अशा आमच्या वाचकांना त्या दोन शब्दांचे वजन समजावून सांगायला नको.

आता गोव्याकडे वळू. येथे प्रकरण अधिक अवघड आहे आणि त्यात आपल्या ख्रिस्तसभेचाही भाग आहे, तो लपवून चालणार नाही.

आरंभीच्या मिशनऱ्यांनी लोकभाषेचा कैवार घेतला होता. इंग्लंडात जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, हे आपणा सर्वांना अभिमानाने ठाऊक आहे. त्याच भूमीत २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. पुढे १७३६ मध्ये इन्क्विझिशनच्या आदेशाने लग्नाविधींतील कितीतरी रीती, त्यांत बायकांची गाणीही, निषिद्ध ठरली. जागर नावाचे रात्रभर चालणारे गावनाट्य होते, त्याच्याकडेही संशयाने पाहिले गेले. इन्क्विझिशन १८१२ साली संपुष्टात आले. परंतु जे मोडले होते ते आपोआप उभे राहिले नाही. शिवोलीसारख्या गावी नाताळानंतर हिंदू व ख्रिस्ती मिळून आजही जागर करतात, ही त्यातली उरलेली ठिणगी. एरवी शिकलेल्या गोवेकराची भाषा पोर्तुगीज झाली आणि कोकणी पाठीमागच्या दारी उभी राहिली.

म्हणूनच कोकणीचे आधुनिक जीवन गोव्याबाहेर सुरू झाले यात नवल नाही. पहिले कोकणी नियतकालिक ‘उदेंतेचें साळक’ हे एदुआर्द जुझे ब्रुनो द सौझ यांनी १८८९ साली पुण्यातून काढले. आणि पहिला तियात्र, वर सांगितल्याप्रमाणे, मुंबईत झाला. ही दोन्ही बाळे महाराष्ट्राच्या भूमीवर जन्मली, हे आमच्या मराठी वाचकाने विसरू नये.

मुंबईत गोवेकर मंडळी कुडांत राहत. कूड म्हणजे एकेका गावच्या लोकांनी मिळून चालवलेले वसतिगृह. धोबीतलाव, डाबूल, माझगाव या भागांत अशी कितीतरी कुडे होती आणि काही अजूनही आहेत. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, वाजंत्री, नोकरीच्या शोधात आलेली मुले, यांच्या लोखंडी आणि लाकडी पेट्या भिंतीशी ओळीने ठेवलेल्या असत. एका टोकाला गावच्या आश्रयदात्या संतांची वेदी. संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळेची प्रार्थना केलीच पाहिजे, असा नियम. गावचा सण आला की येथेही तो साजरा व्हायचा. मुंबईच्या एका मजल्यावर बार्देश किंवा सासष्टीचे अख्खे खेडे असे जपून ठेवलेले होते. प्रेक्षक कोण हे यावरून समजते. घर सोडून आलेला, गावाच्या आठवणीने व्याकूळ झालेला, इंग्रजी-पोर्तुगीज नाटक न समजणारा, पण संगीताचा कान गावच्या देवळातल्या शाळेत तयार झालेला असा तो माणूस होता. सूर वाचता येणारी एवढी गरीब माणसे हिंदुस्थानात दुसरीकडे क्वचितच असतील.

बार्देशातील आसगावचे लुकासिन्हो रिबेरो हे असेच पोटासाठी मुंबईस आले. तेथे त्यांनी एका इटालियन मंडळीचा ऑपेरा पाहिला आणि ते वेडावून गेले. त्यांनी त्या मंडळीत पडद्यामागचे काम पत्करले, तिच्याबरोबर देशभर फिरले, आणि मंडळी परत निघाली तेव्हा तिचे काही वापरलेले पोषाख विकत घेऊन मुंबईस परतले. जुवांव आगुस्तीन फर्नांडिस आदी सोबत्यांना जमवून त्यांनी गोवा पोर्तुगीज ड्रॅमॅटिक कंपनी स्थापली आणि इटालियन खेळाच्या आधारे ‘इटालियन भुरगो’ रचला. त्या पहिल्या खेळात कथानक परक्याचे, पोषाख परक्याचे आणि कंपनीच्या नावातही राज्यकर्त्याचे नाव होते. आपली होती ती केवळ भाषा. तेवढ्यावर लोक खूश झाले.

पण खरे पाऊल त्यानंतरचे आहे, आणि आमच्या मते त्याचे श्रेय जुवांव आगुस्तीन यांचे आहे. मडगावच्या बोर्डा भागात १८७१ साली जन्मलेल्या या माणसाने परकीय पोषाख उतरवून ठेवला आणि गाव मंचावर आणले. ‘बेल द काव्हेलोसी’ या खेळाच्या नावातच सासष्टीचे गाव आहे. ‘कुणबी जाकी’ने ज्याला कोणी नायक समजले नसते अशा कुणब्याला नायक केले. आणि ‘भाटकारा’, म्हणजे ‘हे जमीनदारा’ अशी हाक, ही तर गोव्याच्या गावगाड्याच्या वर्मावरच बोट ठेवते. भाटकार हा जमिनीचा मालक. मुंडकार हा त्याच्या जमिनीत झोपडे बांधून राहणारा. घर मुंडकाराचे असले तरी खालची माती भाटकाराची. ‘ऊठ’ म्हटले की उठायचे. दोघेही एकाच देवळात मिस्सेला, पण बसायची जागा वेगळी. मुंडकारांना घरातून हुसकून लावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा गोव्यात १९७५ साली झाला. त्याच्या सत्तर वर्षे आधी मुंबईच्या रंगमंचावरून ही हाक दिली गेली होती.

‘भाटकारा’ १९०४ साली झाला तेव्हा त्यात आणखी एक गोष्ट घडली. जुवांव आगुस्तीन यांची पत्नी रेजिना त्या खेळात भूमिका करण्यास उभी राहिली. तियात्राची ती पहिली अभिनेत्री. त्या काळात मराठी व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करीत. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले ते १९०५ साली. कॅथलिक समाजात कुजबुज झाली नसेल असे समजण्याचे कारण नाही. परंतु नवरा लेखक आणि बायको नटी अशी ही जोडी एकत्र पुढे गेली. १९४७ साली निधन होईपर्यंत जुवांव आगुस्तीन यांनी तियात्राची सेवा केली आणि लोक त्यांना ‘पाय तियात्रिस्त’, तियात्राचा पिता, म्हणू लागले.

तियात्राची घडण ऑपेराहून निराळी आहे. कथानक पडद्यांत वाटलेले, सहा-सात पडदे, आणि दोन पडद्यांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी. त्यांचा कथेशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. कथेत सासू सुनेला छळत असते. पडदा पडतो, आणि एक गायक समोर येऊन निवडणुकीवर, दारूवर, महागाईवर किंवा परदेशी गेलेल्या नवऱ्यावर गातो. खाली ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम वाजत असतात. प्रेक्षक पुन्हा-पुन्हा गायला लावतात. शुद्ध कलेच्या अभिमान्यांना हे धेडगुजरी वाटते आणि तसे अनेकांनी म्हटलेही आहे. आम्हाला तसे वाटत नाही. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसाला हेच वर्तमानपत्र होते. मात्र एक दोष मान्य केला पाहिजे: कांतार डोक्यावर घेणारा प्रेक्षक कथानकाच्या सैलपणाकडे दुर्लक्ष करतो आणि लेखकही मग तेवढ्यावर भागवतो. स्मेतानाने चार वर्षे एकच खेळ पुन्हा-पुन्हा घासला. आपल्याकडे पुढच्या सणाला नवा खेळ हवा असतो.

मराठीकडे पाहिले तर अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्याचे वैभव मोठे. पण ते कालिदासाच्या आश्रमातून आणि पुराणांतून आले. गाव, सौदा, दलाल, रडणारी मुलगी हे सर्व प्रथम ठसठशीतपणे आणले ते गोविंद बल्लाळ देवलांनी. ‘संगीत शारदा’ १८९९ साली इंदूरला प्रथम झाले. लोभी कांचनभट आपली कोवळी मुलगी पंच्याहत्तरीच्या भुजंगनाथाला पैशासाठी देऊ पाहतो आणि मध्ये भद्रेश्वर दीक्षित नावाचा लग्न जुळवणारा लबाड गृहस्थ आहे. हा भद्रेश्वर आणि प्रागचा केत्सल समोरासमोर आले असते तर एकमेकांना व्यवसायबंधू म्हणून त्यांनी ओळखले असते! देवलांनी चेक ऑपेरा पाहिलेला असण्याचा संभव नाही. मुली सर्वत्र विकल्या जात होत्या, म्हणून दलालही सर्वत्र सारखे होते, इतकेच. फरक असा की स्मेतानाच्या नवरीचा सौदा ही प्रियकराची युक्ती ठरते, तर शारदेचा सौदा हा खराच सौदा आहे आणि वर-वधू सगोत्र निघाल्यामुळे ऐन मुहूर्तावर तो मोडतो. देवलांचे नाटक अधिक धीट आहे असे आमचे मत आहे.

या पार्श्वभूमीवर आपला, म्हणजे मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांचा, हिशेब काय? नाताळात गव्हाणीचा प्रवेश, प्रायश्चित्तकाळात प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य, सणाला एखादे विनोदी नाटक. या गोष्टी आपण निष्ठेने करतो. पण बेथलेहेम आणि जेरुसलेम ही गावे जितक्या वेळा आपण उभी केली, तितक्या वेळा आपले स्वतःचे गाव उभे केले का?

नवी मुंबईत हा प्रश्न जरा टोचतो. येथे आपण सारे आलेले लोक. वाशी, नेरुळ, बेलापूर, पनवेलच्या धर्मग्रामांत गोव्याचे आहेत, मंगळूरचे आहेत, वसईचे आहेत, केरळ-तामिळनाडूचे आहेत, अहमदनगर-जालन्याकडचेही आहेत. प्रत्येकाने मागे एक गाव सोडले आहे. आणि ज्या भूमीवर आपण इमारती उभ्या राहताना पाहिल्या तीही गावेच होती. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेण्यात आल्या. भातखाचरे, मिठागरे, खाडीतली मासेमारी यांवर जगणारी आगरी-कोळी माणसे होती ती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी लढा दिला आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान फाटा परिसरातील गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. भाटकार, मुंडकार, माती आणि सही हा विषय आपल्याला गोव्यातून आणण्याची गरज नाही. तो आपल्या पायाखाली आहे.

याच गावांत लग्न लागताना धवलारीण धवले गाते. विधींचे शब्द तिच्या मुखात असतात. गोव्यात १७३६ साली ज्या प्रकारच्या गाण्यांवर बंदी आली, तशी बायकांनी गायलेली लग्नगीते येथे आपल्या शेजारच्या गावठाणात अजून ऐकू येतात. आपल्यातील कितीजणांनी ती ऐकली आहेत?

जुन्या खेळाला नवे रूप देणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण देऊ. ‘विकलेली नवरी’ गेली दीडशे वर्षे भरजरी लोकपोषाखांत होत आली आहे. कित्येकदा पोषाखच अधिक दिसतात आणि मुलीचे दुःख कमी. न्यूयॉर्कला १९०९ साली गुस्ताव माहलर यांनी ती जर्मन भाषेत सादर केली. इंग्लंडमधील गार्सिंग्टन येथे २०१९ साली झालेल्या प्रयोगात तर कथा उचलून १९५०च्या दशकातील एका इंग्रजी खेड्यात ठेवली होती. बोहेमियाचे कपडे गेले तरी गाव गेले नाही, कारण खेळाचा प्राण पोषाखांत नव्हता. वधूपित्याच्या कर्जात आणि दलालाच्या कागदात होता.

मग ‘भाटकारा’ वाशीत का होऊ नये? येथील नाट्यगृहाला विष्णुदास भाव्यांचे नाव आहे. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करून मराठी रंगभूमीचा पाया त्यांनी घातला. त्या मंचावर शंभर वर्षांहून जुना तियात्र मराठी-कोकणी मिश्र भाषेत, मुंडकाराच्या जागी खाडीकाठचा शेतकरी ठेवून उभा राहिला तर त्यात अयोग्य काय? आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. गोवेकर म्हणतील, भाषा बिघडली. मराठी म्हणतील, हे आमचे नव्हे. मंगळूरकर म्हणतील, आमची कोकणी वेगळी. आणि तरुण मंडळी म्हणतील, इंग्रजीत करा. पहिल्या तीन आक्षेपांना व्हिएन्नाचे उत्तर आहे: तेथील प्रेक्षकाला एक शब्द कळत नव्हता. चौथ्याला मात्र सोपे उत्तर नाही. तेथे स्मेतानाचे उदाहरणच घ्यावे लागेल. पस्तिशीनंतर व्याकरणाचे पुस्तक उघडण्याचे.

व्यावहारिक अडचणी अधिक खऱ्या आहेत. जुन्या तियात्रांच्या संहिता रोमन लिपीत लिहिलेल्या. त्या देवनागरीत उतरवून घ्याव्या लागतील. अनेक खेळ छापलेच गेले नाहीत, नटांच्या वह्यांतच राहिले. बँडसाठी मात्र दूर जायला नको. आपल्या गायनवृंदांत कीबोर्ड वाजवणारी मुले आहेतच, आणि कुठल्याशा पेटीत आजोबांचा ट्रम्पेट मखमलीत गुंडाळून ठेवलेली घरेही आहेत. गावठाणातील धवलारणींना सन्मानाने बोलवावे लागेल, आणि त्यांच्या गाण्याची बिदागी आधी ठरवावी लागेल. फुकट गा म्हणणे बरे नव्हे.

जुनी कांतारां पाठ असलेली माणसे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांतील पुष्कळांनी ऐंशी ओलांडली आहे. रविवारच्या मिस्सेनंतर ती थोडा वेळ आवारातील बाकावर बसतात. वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्याकडे प्रथम कोणी जायचे, हे प्रत्येक धर्मग्रामाच्या सांस्कृतिक मंडळाने येत्या पावसाळ्याआधी ठरवावे, अशी आमची विनंती आहे.